कॅचरच्या मागून दिलेला आऊट

वडील गेल्यानंतर सोळाव्या दिवशी मी पंचाची टोपी डोक्यावर घातली आणि ती थेट भुवयांपर्यंत उतरली. दहाव्याला केस काढले होते, मागं तेवढी शेंडी राहिली होती. टोपीच्या मापात आपण केसांचीही जाडी धरून असतो, हे वीस वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं. मागची पट्टी ओढून शेवटच्या भोकात अडकवली, तरी ती सैलच. बायको दारात उभी राहून बघत होती. आजच्या दिवस नका जाऊ, दुसरं कुणीतरी उभं राहील, असं ती म्हणाली. दुसरं कुणी नाही, असं मी म्हणालो. ते खरंच होतं. शहरात बेसबॉलचे पंच आम्ही मोजके, त्यातले दोघं बाहेरगावी, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या शाळांचे संघ स्पर्धेत होते. पण मी त्यासाठी निघालो नव्हतो. भेटायला येणारी माणसं अजून थांबली नव्हती आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत होतं. मैदानावर तरी ते सांगावं लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि सुट्टीच्या दिवशी बेसबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. आपल्याकडं कोण खेळतं हो ते, असं गुलमंडीतल्या कापडवाल्यापासून आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. खेळतात. शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे. क्रिकेटच्या निवडीला रांगा लागतात आणि इथं संघ थोडे, त्यामुळं राज्यापर्यंतचा रस्ता जवळचा. आई-बाप पोराला खेळ आवडतो का ते विचारत नाहीत, प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं मिळतं ते विचारतात. मला यात काही गैर वाटत नाही. पोरं उन्हात पळतात, पडतात, गुडघे फोडून घेतात. त्याचा कागद मागितला तर बिघडलं कुठं?

आणि कागदाचा प्रश्न असल्यामुळंच आमच्याकडं पंचाशी भांडल्याशिवाय सामना पुरा होत नाही. निर्णय दिला की एका बाजूचे सर मैदानात येतातच. कुणी कोपराला धरून फक्कीच्या पांढऱ्या रेघेपाशी नेतं आणि पुसलेला भाग दाखवून विचारतं, मग हा पाय काय माझ्या मावशीचा आहे? कुणी झाडामागून काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ नाकासमोर धरतं, त्यात फक्त झाड दिसतं. एक सर दरवेळी हरल्यावर माझ्या चष्म्याचा नंबर विचारतात. मला चष्मा नाही. मीही काही गरीब गाय नाही, तिथल्या तिथं पाणउतारा करतो, दोनदा तर सरांना मैदानाबाहेर काढलंय. मग संध्याकाळी आम्ही सगळे एकाच टपरीवर चहा पितो. वडिलांनी एकदा स्कूटरवर बसूनच अर्धा सामना बघितला होता. वाळूजच्या कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. घरी आल्यावर त्यांनी विचारलं होतं, की लोक तुला एवढं बोलतात ते ऐकून घ्यायचा वेगळा भत्ता मिळतो का.

नव्या पंचांचं शिबिर असलं की ते माझ्याकडं असतं. पहिल्या दिवशी मी नियमांचं पुस्तक उघडत नाही, सगळ्यांना पळायला लावतो. क्रिकेटचा पंच जागच्या जागी उभा राहिला तरी पुष्कळदा भागतं, कारण विकेट हलत नाही. आमच्या खेळात चेंडू हलला की पंच हललाच पाहिजे. दोन पंच असतात. एक मैदानात, बेसवर धावणाऱ्यांकडं बघणारा. दुसरा कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागं बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या मागं, तोंडावर जाळीचा मुखवटा लावून. मी बहुतेक हाच असतो. धावणारा खेळाडू तिन्ही बेस, म्हणजे वाटेतले थांबे, घेऊन शेवटच्या पांढऱ्या प्लेटकडं येतो, तिला पाय लागला की सेफ, आणि रन. त्याआधी कॅचरनं चेंडू धरलेला ग्लोव्ह त्याच्या अंगाला लावला, तर आऊट. अशा वेळी पंचानं कॅचरची पाठ सोडून बाजूला यायचं, ग्लोव्ह आणि धावणारा यांच्यामधली फट दिसेल तिथं. दोन पावलं, फार तर तीन. शिबिरात मी एकेकाला कॅचरच्या मागं उभं करतो आणि विचारतो, काय दिसतंय? पोरं हसून सांगतात, पाठ दिसतेय सर. मग मी सांगतो की पाठ बघून निर्णय देणारा पंच मला दाखवू नका.

वडील दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. वय झालं होतं, पण आजारी नव्हते. त्या दिवशी मला शाळेतून बोलावलं, तेव्हापासून मी सगळं नीट केलं. लाकडाचं बघितलं, भटजींचं बघितलं, अस्थी घेऊन पैठणला जाऊन आलो, कुणाला कुठं झोपवायचं ते ठरवलं, तेराव्याला किती पानं होतील त्याचा अंदाज बरोबर काढला. रडू मात्र आलं नाही. आई रडायची, बहिणी रडायच्या, मी त्यांना पाणी द्यायचो. मामा चारचौघांत म्हणाले की पोरगं मनाचं घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायचो, चव कळायची नाही. कुणी बोललं तर ऐकू यायचं, पण शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसं. चार-दोन दिवसांत ओसरेल असं वाटलं होतं. सोळा दिवस झाले तरी तेच.

सामने शहराबाहेर बीड बायपासच्या बाजूला एका मैदानावर होते. मुलींची विभागीय स्पर्धा, सतरा वर्षांखालची, शेवटचा दिवस. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच तापलं होतं. मी गाडी लावली तसे एकेक सर जवळ आले. ज्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या त्यांनी हात जोडले. फार वाईट झालं सर. वय काय होतं? त्रास तर नाही ना झाला? मी परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. मैदानावर ते चुकेल असं मला कशावरून वाटलं होतं कोण जाणे.

सकाळच्या सामन्यात एक गोष्ट लक्षात आली. कुणी भांडत नव्हतं. दोन चेंडू मी ढळढळीत चुकीचे दिले असतील, माझं मलाच कळलं. एरवी अशा चेंडूवर बाकावरून ओरडा यायचा. त्या दिवशी बाकावर शांतता. चष्म्याचा नंबर विचारणारे सर तिथंच बसले होते, त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, चालू द्या अशी. त्यांच्या एका खेळाडूनं कुरकुर केली तर त्यांनीच तिला दटावलं. माझ्या घरी दुःख झालं होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून मला सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं. कुणी बैठक घेऊन ठरवलं नसणार, आपल्याकडं हे आपोआप होतं. मला बरं वाटायला हवं होतं. बरं किंवा वाईट, काहीच वाटलं नाही.

दुपारी अंतिम सामना. एका बाजूला शेजारच्या जिल्ह्याचा संघ, दुसऱ्या बाजूला आमच्या शहरातली पुंडलिकनगरची शाळा. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार. पुंडलिकनगरच्या सरांनी सामन्याआधी मला बाजूला घेऊन आपल्या एका मुलीबद्दल सांगितलं. वशिला नव्हता तो. ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला ते तिच्याबद्दल सांगत होते. मुलगी दहावीत, फुलंब्रीकडच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं, आई-वडील वर्षातले काही महिने कळपामागं रानोमाळ. ही मावशीकडं राहून शिकते, आणि मावशीचं घर दोन खोल्यांचं. दहावीपर्यंतच ठेवून घेऊ असं मावशीनं आधीच सांगून टाकलेलं. सरांनी एका क्रीडा वसतिगृहात बोलणी केली होती. राज्य स्पर्धा खेळून आली तर अकरावीला राहणं, जेवण, खेळ सगळं तिथं. नाही आली तर मार्चनंतर वस्तीवर. वडिलांनी स्थळ बघून ठेवलंय असंही सर म्हणाले. मी हो हो म्हणालो आणि मुखवट्याचे पट्टे आवळायला लागलो.

मी तिला आधी दोन वर्षं खेळताना बघितलं होतं. बारकी, लांब पायांची, कमी बोलणारी. बॅटिंग बेताची, पण पळणं असं की चेंडू मारल्यावर तिच्याकडं बघायचं विसरलं तर ती पुढच्या बेसवरच दिसायची.

शेवटची इनिंग. पुंडलिकनगरचा संघ एका रननं मागं, दोघी आऊट, तिसरी गेली की सामना संपला, आणि ही मुलगी दुसऱ्या बेसवर. बॅटिंगला आली ती उजवीकडं जमिनीलगत एक चेंडू काढून मोकळी झाली. ही निघाली. तिसऱ्या बेसपाशी तिचे सर हात गरगर फिरवत होते, थांबू नको म्हणून. ती थांबणार नव्हतीच. तिकडून फेकलेला चेंडू थोडा बाहेर आला. कॅचर एक पाऊल सरकली, चेंडू घेतला आणि वळली. माझी जागा तेव्हा डाव्या हाताला, दोन पावलांवर होती. मला ते माहीत होतं. मीच ते शिकवतो.

मी हललो नाही. पाय जड झाले होते असं नाही, भोवळही आली नव्हती. हलावं असं वाटलंच नाही. समोर कॅचरची पाठ होती, शर्टवरच्या शाळेच्या नावातलं एक अक्षर उसवलेलं होतं, ते मी वाचत होतो. धूळ उडाली. कॅचरच्या दोन पायांच्या मधून पांढऱ्या प्लेटवर एक बूट येऊन टेकलेला दिसला. त्यानंतर कॅचरचं कोपर खाली गेलं. आधी बूट, मग कोपर.

मी मूठ वर केली आणि आऊट म्हणालो.

पुंडलिकनगरचे सर तिसऱ्या बेसपासून ओरडत निघाले. ते निम्म्या वाटेत असतील, तेव्हा मी सवयीनं मुखवटा काढला. टोपी सैल होती, ती मुखवट्याबरोबरच निघून आली. माझं बोडकं डोकं आणि मागची शेंडी सगळ्या मैदानाला दिसली. सर जागच्या जागी थांबले. उचललेला हात त्यांनी खाली घेतला. मग ते वळले आणि धुळीतून उठत असलेल्या त्या मुलीकडं गेले. ती माझ्याकडं बघत होती आणि काहीतरी बोलायला लागली होती. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही सांगितलं. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

मैदानातला माझा जोडीदार पंच एव्हाना जवळ आला होता. वाळूजला एका कारखान्यात काम करणारा पोरगा, माझ्याच शिबिरात तयार झालेला. नियम असा आहे की ज्यानं निर्णय दिला त्यानं विचारलं तरच दुसऱ्यानं सांगायचं, न विचारता तोंड उघडायचं नाही. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि थांबला. त्याला दिसलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरच होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, काय दिसलं रे तुला? अर्धं मिनिट तरी तो उभा होता. मी टोपी उचलली, धूळ झटकली आणि गुणपत्रक मागवलं. दोन्ही सरांनी सही केली, मी केली. सही झाल्यावर पंचाच्या नजरेचा निर्णय बदलत नाही.

नंतर बक्षीस समारंभ. शाल-श्रीफळाशिवाय आपल्याकडं काही संपत नाही. आयोजकांपैकी एकजण माईकवर बोलायला उभे राहिले ते माझ्यावरच घसरले. घरात पित्याचं छत्र हरपलेलं असताना सरांनी दुःख बाजूला ठेवून कर्तव्य बजावलं. आणि शेवटच्या क्षणी आपल्याच शहराच्या संघाला बाद देताना त्यांचा हात थरथरला नाही, याला म्हणतात निष्पक्षपणा. टाळ्या वाजल्या. मला पुढं बोलावून शाल घातली. खाली मुली रांगेत बसल्या होत्या, पुंडलिकनगरच्या सगळ्यात मागं. ती मुलगी टाळ्या वाजवत होती. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून वाजवत असेल, पण वाजवत होती.

जोडीदाराला मी गाडीवर मागं घेतलं, त्याला रेल्वे स्टेशनजवळ सोडायचं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, सर, तुम्ही मागंच राहिलात. मी म्हणालो, हो. तो म्हणाला की जाऊ द्या, सेफ असती तरी बरोबरीच झाली असती फक्त, पुढं काय झालं असतं कुणाला माहीत. ते बरोबर होतं. पुढची मुलगी त्यांची सगळ्यात चांगली बॅटर होती हेही बरोबर होतं, पण ते त्यानं काढलं नाही. तोही मला सांभाळूनच घेत होता.

घरी आईनं शाल बघून विचारलं, कशाबद्दल? चांगलं काम केलं म्हणून, असं मी सांगितलं. तिनं ती घडी करून कपाटात ठेवली.

पुढचे चार दिवस मी शाळेत गेलो, तास घेतले, हजेरी घेतली. पहिल्यासारखंच सगळं लांबून चाललेलं, फक्त मध्येच आधी बूट, मग कोपर, एवढं डोळ्यांसमोर यायचं. जेवताना यायचं, पोरांना रांगेत उभं करताना यायचं. तेवढंच काय ते स्पष्ट दिसायचं. वडिलांचा चेहरा आठवायला गेलो तर तोही इतका नीट दिसत नव्हता. त्याची मला लाज वाटली. म्हणजे लाज वाटायला हवी असं वाटलं, खरी लाज अजून यायची होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी पुंडलिकनगरला गेलो. शाळेमागच्या मोकळ्या जागेत सराव चालला होता. सर पळत आले, खुर्ची मागवली, चहा सांगितला. मी खुर्चीवर बसलो नाही. ती मुलगी सेफ होती, असं मी त्यांना सांगितलं. मी जागा सोडली नाही, तरीही मला दिसलं होतं आणि तरीही मी आऊट दिलं. हे ऐकून त्यांनी माझ्यावर तुटून पडावं अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. अशा वेळी माणसाचं मन थाऱ्यावर नसतं सर, मी त्याच दिवशी समजून घेतलं, असं ते म्हणाले. मी म्हणालो की मी क्रीडा कार्यालयात लिहून देतो. ते म्हणाले की संघांची यादी कधीच वर गेली, आता लिहून तुमचंच नाव खराब होईल. वसतिगृहाचं काय, असं मी विचारलं. ते दुसरीकडं बघत म्हणाले, बघू, करतो काहीतरी.

मला तिला सांगायचंय, असं मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. पोरीच्या डोक्यात कशाला ते परत घालायचं, आता कुठं शांत झालीय. मी हटून बसलो. शेवटी त्यांनी तिला हाक मारली आणि ते स्वतः थोडे लांब जाऊन उभे राहिले.

ती ग्लोव्ह काखेत धरून आली. कपाळावर घाम, गुडघ्यावर त्या दिवशीची खपली. मी आडवळण न घेता सांगितलं. तू सेफ होतीस. तुझा पाय आधी लागला, मी बघितला होता.

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली, डोक्याकडं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ती चिडली होती. सोळा आणि पाच, एकवीस दिवसांत माझ्यावर चिडलेलं हे पहिलं माणूस.

"तुमचे वडील वारले म्हणून आमचे सर गप बसले," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं म्हणून मी बी गप बसले. पण तुमी कशामुळं गप बसले?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तरं होती. मन थाऱ्यावर नव्हतं, हे तिच्या सरांनीच तयार करून दिलं होतं. नजरचूक हेही चाललं असतं. पण ती समोर उभी होती आणि तिला खोटं कळलं असतं. मी पाच दिवसांत स्वतःला विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं होतं, आणि उत्तर तोंडात आलं तेव्हा मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. आऊट म्हटलं की सामना संपत होता. सेफ म्हटलं असतं तर बरोबरी, मग पुढची बॅटर, मग कदाचित आणखी एक इनिंग, त्या उन्हात.

"मला घरी जायचं होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, समजल्यासारखी.

"मला नव्हतं जायचं, सर," ती म्हणाली.

एवढं बोलून ती सरावाला परत गेली. कुणीतरी चेंडू मारला होता, तो उचलायला ती पळाली. मी तिथंच उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. एकदम, आवाज करून, पोरींसमोर. त्या थांबून बघायला लागल्या. सर धावत आले, मला खुर्चीवर बसवलं, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. रडा सर, असं ते म्हणत होते, मोकळे व्हा, बाप तो बापच असतो. मी मान हलवून हो म्हणत होतो, कारण नाही म्हणायला आवाज फुटत नव्हता. मी वडिलांसाठी रडत नव्हतो.